बेदाण्याच्या पट्टीवरून शिका: सुरक्षित आणि भरवशाचं सेवाधारित सॉफ्टवेअर कसं बांधायचं

सांगली, मिरज, इस्लामपूर भागात इंजिनिअरिंग शिकणारी मुलं मायक्रोसर्व्हिसेस (एक सॉफ्टवेअर छोट्या, स्वतंत्र सेवांत विभागून बांधणं) शिकतात ती बहुतेक वेळा ऑनलाइन दुकानाच्या उदाहरणावरून. कार्ट, ऑर्डर, पेमेंट. आठवड्याभरात पाच कंटेनर चालू होतात आणि बायोडेटात एक ओळ वाढते. त्या उदाहरणात कधी काही बिघडतच नाही, त्यामुळे शिकण्यासारखं जे असतं ते राहूनच जातं. सेवा वेगवेगळ्या करणं सोपं आहे. एका सेवेनं दुसरीला हाक मारली आणि उत्तर आलंच नाही, तर काय करायचं? खरी मेहनत तिथे आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ: तासगाव-सांगलीचा बेदाणा. शेतकरी माल कोल्ड स्टोरेजला ठेवतो, अडत्यामार्फत सौद्याला लावतो, दर ठरतो, पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद निघतो, पैसे जमा होतात. स्टोरेजवाला, अडत्या, व्यापारी आणि शेतकरी अशी चार माणसं, चौघांचे हिशेब वेगळे, आणि मधे खरे पैसे. शिकायला यापेक्षा चांगला विषय सापडणार नाही.

साहित्य फार लागत नाही. एक भाषा नीट यायला हवी; जावा, पायथन, गो, सी शार्प, कोणतीही चालेल. सोबत पोस्टग्रेस (डेटाबेस), डॉकर (प्रत्येक सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायला), गिट (कोडचा इतिहास ठेवायला) आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप.

आधी अडत दुकानात बसा

कोड लिहिण्याआधी एखाद्या ओळखीच्या अडत दुकानात दोन-चार वेळा जाऊन बसा. तिथे फिरणारा प्रत्येक कागद वहीत उतरवा: आवकेची पावती, स्टोरेजची पावती, सौद्याची नोंद, पट्टी, बँकेत भरणा केल्याची नोंद. मग प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. हा कोण लिहितं? नंतर बदलायचा हक्क कुणाला आहे? आणि आकडा चुकला तर भांडायला कोण येतं?

सेवांच्या सीमा या उत्तरांतून निघतात. लॉटचं वजन आवकेच्या काट्यावर ठरतं, म्हणून ते बदलायचा हक्क फक्त आवक सेवेचा. दर सौद्यात ठरतो, तो सौदा सेवेचा. पट्टी सेवा या दोघींकडून आकडे घेते आणि पट्टी काढायच्या क्षणी ते स्वतःकडे उतरवून ठेवते. उद्या आवकेत वजनाची दुरुस्ती झाली तरी काल छापलेली पट्टी आपोआप बदलता कामा नये. हमाली, तोलाई, स्टोरेजभाडं यांचे त्या दिवशीचे दरही पट्टीसोबतच साठवायचे.

आपल्यापुरत्या पाच सेवा धरू: आवक, सौदा, पट्टी, पैसे, संदेश. लॉगिनसाठी तयार उत्पादन वापरू, त्याबद्दल पुढे येईल.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात. डेटाबेसमधली टेबलं बघून ते ‘शेतकरी सेवा’, ‘व्यापारी सेवा’, ‘लॉट सेवा’ अशी वाटणी करतात. मग एक पट्टी काढायला सगळीच दारं ठोठावावी लागतात, आणि त्यातलं एक बंद असलं की सगळं ठप्प. वाटणी कामावरून करा.

पहिली आवृत्ती एकसंध ठेवा

विचित्र वाटेल, पण सुरुवातीला पाच सेवा पाच ठिकाणी चालवू नका. एकच अ‍ॅप्लिकेशन लिहा आणि त्याच्या आत पाच मॉड्यूल ठेवा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा स्कीमा (टेबलांचा कप्पा) आणि वेगळा डेटाबेस युजर करा, आणि त्या युजरला फक्त स्वतःच्या स्कीमाचे अधिकार द्या. मग पट्टीच्या कोडमध्ये कुणी घाईत आवकेच्या टेबलाशी जॉइन लावला, तर डेटाबेसच नकार देतो. शिस्त मोडण्याचा मोह रात्री अकरा वाजता होतो, आणि त्या वेळी नियमावलीपेक्षा परमिशन कामी येते.

एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये सीमा पाळता आल्या नाहीत, तर नेटवर्क मधे आल्यावर त्या पाळल्या जातील अशी आशा धरू नका. आणि खरं सांगायचं तर एक-दोन माणसांच्या टीमला, एका बाजारपेठेपुरत्या कामाला, ही एकसंध आवृत्तीच बऱ्याचदा पुरेशी असते. आपण शिकण्यासाठी ती फोडणार आहोत, एवढं ध्यानात असू द्या.

करार: कोडच्या आधी

सेवा एकमेकींशी काय बोलणार हे ओपनएपीआयच्या (असे करार लिहायचा ठरलेला नमुना) फाइलमध्ये आधी लिहून काढा. एंडपॉइंट (सेवेला हाक मारायचे पत्ते) किती आहेत यापेक्षा आकडे कोणत्या रूपात जातात याची काळजी जास्त घ्या.

रक्कम पूर्णांकात, पैशांत न्या. ₹१८४.५० म्हणजे १८४५०. फ्लोटमध्ये (संगणकाच्या दशांश आकड्यांत) ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. एका पट्टीत हा फरक दिसत नाही, महिन्याच्या ताळेबंदात दिसतो. वजन ग्रॅममध्ये न्या. पूर्ण रुपयाला कुठे गोल करायचं हे एकदाच, एकाच सेवेत ठरवा. प्रत्येक ओळीला गोल करून बेरीज घेतली आणि बेरीज घेऊन शेवटी गोल केलं, तर उत्तरं वेगळी येतात.

वेळ यूटीसीमध्ये साठवा, पण सौद्याची तारीख ही तारीख म्हणूनच ठेवा, वेळेतून काढू नका. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी यूटीसीच्या हिशेबात आदल्या दिवशी पडतात. हंगामात उशिरापर्यंत गाड्या उतरतात, तेव्हा हा घोळ लगेच समोर येतो.

उत्तराचे कोड इमानदारीनं वापरा. विनंतीच चुकीची असेल तर ४००, ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटली पण हक्क नाही तर ४०३, आधीच्या स्थितीशी विसंगत असेल तर ४०९, फार घाई होत असेल तर ४२९, तात्पुरती बंद असेल तर ५०३. कोड २०० पाठवायचा आणि आत ‘यशस्वी: नाही’ लिहायचं, ही पद्धत सोडा. पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे समोरची सेवा या कोडवरूनच ठरवत असते.

करार बदलताना नवं फील्ड जोडलेलं चालतं. जुनं काढणं किंवा त्याचा अर्थ बदलणं चालत नाही, त्याला नवी आवृत्ती लागते. वाचणाऱ्या सेवेनंही अनोळखी फील्ड दिसलं म्हणून कोसळायचं नाही.

आता फोडा, आणि उत्तर न येण्याची तयारी करा

सगळ्यात आधी संदेश सेवा बाहेर काढा. ती पडली तरी पैसे अडकत नाहीत, म्हणून शिकायला सुरक्षित. ती जमली की पैसे सेवा.

सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी १९९४ मध्ये वितरित प्रणाली बांधणाऱ्यांच्या भाबड्या समजुतींची यादी केली. त्यातली पहिलीच समजूत: नेटवर्क भरवशाचं असतं. तीस वर्षं उलटली तरी कोडमध्ये ही समजूत तशीच बसलेली असते, कारण लायब्रऱ्याच तशा आहेत. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी किंवा गोचा मूळ एचटीटीपी क्लायंट वापरला आणि तुम्ही स्वतः टाइमआउट दिला नाही, तर तो उत्तराची वाट बघत बसून राहतो. वाट बघणारे शंभर थ्रेड साठले की तुमची चांगली सेवाही बंद पडते. म्हणून पहिला नियम: टाइमआउटशिवाय एकही हाक बाहेर जाता कामा नये.

टाइमआउट दिला की खरा प्रश्न उभा राहतो. पट्टी सेवेनं पैसे सेवेला सांगितलं, या शेतकऱ्याच्या खात्यात ₹१,८४,५०० पाठव. तीन सेकंद झाले, उत्तर नाही. काय झालं असेल? निरोप पोचलाच नसेल. पोचला पण काम अर्ध्यावर तुटलं असेल. किंवा पैसे गेले, फक्त उत्तर वाटेत हरवलं. पट्टी सेवेच्या बाजूनं तिन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. पुन्हा पाठवलं तर दुप्पट पैसे जाण्याचा धोका, आणि नाही पाठवलं तर शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून.

यावरचा उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी की. एक विशिष्ट काम कितीदाही सांगितलं तरी ते एकदाच व्हावं, यासाठी त्या कामाला दिलेला कायमचा क्रमांक. तो असा वापरायचा:

१. की पहिल्या प्रयत्नाच्या आधी तयार करा आणि पट्टीच्या नोंदीसोबत डेटाबेसमध्ये साठवा. पुन:प्रयत्नाच्या लूपमध्ये दर वेळी नवी की तयार करणारा कोड मी फार ठिकाणी पाहिला आहे. त्याचा उपयोग शून्य.

२. पैसे सेवेनं ती की युनिक कन्स्ट्रेंट असलेल्या टेबलात घालायची. ‘आधी शोध, नसेल तर घाल’ असं लिहू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ दिसतं. सरळ इन्सर्ट करा आणि भांडण डेटाबेसला सोडवू द्या.

३. की आधीच असेल आणि काम पूर्ण झालं असेल, तर जुनंच उत्तर परत द्या. काम चालू असेल तर ४०९ द्या.

४. की तीच पण रक्कम वेगळी आली, तर ठाम नकार द्या आणि नोंद करा. तो नक्की कुठला तरी बग आहे.

५. पुढे बँकेला किंवा पेमेंट गेटवेला हाक मारतानाही आपला संदर्भ क्रमांक पाठवा. उत्तर आलं नाही तर पैसे पुन्हा पाठवू नका, त्या क्रमांकाची स्थिती विचारा. आपल्या टेबलात ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ ही स्थिती असलीच पाहिजे.

शिकताना अर्थातच गेटवेचं चाचणी वातावरण वापरा. रोज रात्री बँकेचा उतारा आणि आपल्या नोंदी ताडून पाहणारा छोटा प्रोग्रामही लिहा. वरचे पाचही मुद्दे पाळले तरी तो लागतोच.

पुन:प्रयत्नांचंही शास्त्र आहे. ५०३, ४२९ किंवा तुटलेलं कनेक्शन असेल तर पुन्हा प्रयत्न करा. ४०० किंवा ४०३ आलं तर हजारदा केलात तरी उत्तर तेच. प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या, १, २, ४ सेकंद, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर पडलेली सेवा उठल्याबरोबर सगळे एकाच सेकंदाला तिच्यावर कोसळतात. आणि पुन:प्रयत्न एकाच थरात ठेवा. मोबाइल अ‍ॅप तीनदा, पट्टी सेवा तीनदा, पैसे सेवा तीनदा असा हिशेब धरला तर एका बटणामागे बँकेच्या दारात २७ हाका जातात. आधीच दमलेल्या यंत्रणेला याहून वाईट वागणूक देता येणार नाही.

सर्किट ब्रेकर, म्हणजे लागोपाठ अपयश आल्यावर काही वेळ हाकच न मारणं, तयार लायब्रऱ्यांतून मिळतो. पण आधी टाइमआउट आणि की. ब्रेकर आधी बसवून मोकळे होणारे लोक पायऱ्या उलट्या चढतात.

पट्टी झाली, निरोप गेला नाही

पट्टी पक्की झाली की शेतकऱ्याला एसएमएस जायला हवा. साधा कोड काय करतो? पट्टी साठवतो आणि मग संदेश सेवेला सांगतो. या दोहोंच्या मधे वीज गेली, तर पट्टी आहे पण निरोप नाही. उलट क्रम लावला, तर निरोप गेला आणि पट्टीच नाही. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

इथे आउटबॉक्स वापरतात. पट्टी आणि ‘हा निरोप पाठवायचा आहे’ ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, एकाच डेटाबेसमध्ये लिहायची. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. एक वेगळा वर्कर ते टेबल वाचतो, निरोप पाठवतो, खूण करतो. खूण करण्याआधी तो स्वतः पडला तर तोच निरोप पुन्हा जाईल, म्हणून घेणाऱ्या सेवेनं निरोपाचा क्रमांक पाहून दुसरी प्रत टाकून द्यायची. काफ्का किंवा रॅबिटएमक्यू ही निरोपांच्या रांगेची तयार उत्पादनं नंतर आणता येतील. पोस्टग्रेसमध्ये ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ वापरून साधं टेबलच रांगेचं काम उत्तम करतं, आणि या प्रकल्पाला ते पुरतं.

जाता जाता: भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. मजकूर बदलून थेट सोडाल तर निरोप जाणारच नाहीत, आणि तुम्ही कोडमध्ये बग शोधत बसाल.

सौदा मोडला तर? पट्टी निघाल्यावर व्यापाऱ्यानं मालाच्या प्रतीवरून तक्रार केली आणि सौदा रद्द झाला. पाच सेवांवर एकच ट्रान्झॅक्शन लावता येत नाही. याची पद्धत १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ या नावानं मांडली: प्रत्येक पायरीला तिची उलटी पायरी ठरवून ठेवायची आणि गरज पडली की उलट क्रमानं चालवायच्या. बाजारातल्या दिवाणजींना हे कुणी शिकवावं लागत नाही. चुकलेली रक्कम ते खोडत नाहीत, उलटी नोंद घालतात. तुमच्या पट्टी टेबलातही डिलीट नको. रद्द झालेली पट्टी, तिच्या विरुद्धची नोंद आणि कारण, तिन्ही दिसले पाहिजेत.

सुरक्षितता: शेजाऱ्याची पट्टी

एक कागद घ्या, पाच सेवांचे पाच चौकोन काढा आणि प्रत्येक बाणावर विचारा: इथे दुसऱ्याच्या नावानं कोण बोलू शकेल? कोण आकडा बदलेल? ‘मी केलंच नाही’ असं कोण म्हणू शकेल? नको त्याला काय दिसेल? कोण हे बंद पाडू शकेल? कोण स्वतःचा अधिकार वाढवून घेईल? मायक्रोसॉफ्टमध्ये १९९९ च्या सुमारास तयार झालेल्या स्ट्राइड पद्धतीचे हेच सहा प्रश्न. तास-दीड तासाचं काम आहे, आणि कुठल्याही स्कॅनरपेक्षा जास्त सापडतं.

आपल्या अ‍ॅपमधला सगळ्यात मोठा धोका मात्र अगदी साधा आहे. शेतकरी लॉगिन करतो, स्वतःची पट्टी उघडतो आणि पत्त्यातला क्रमांक एकानं वाढवतो. शेजाऱ्याची पट्टी दिसली तर संपलं: दर, वजन, बँक खातं, सगळं उघडं. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षा यादीत २०१९ आणि २०२३ अशा दोन्ही वेळा पहिला क्रमांक याच दोषाचा आहे. क्रमांकाऐवजी लांबलचक यूयूआयडी (यादृच्छिक ओळखक्रमांक) लावल्यानं अंदाज करणं अवघड होतं, पण हक्क तपासला जात नाही. ‘ही पट्टी याचीच आहे का’ ही तपासणी प्रत्येक विनंतीला, ज्या सेवेकडे तो डेटा आहे तिथेच व्हायला हवी. सगळ्या विनंत्या आधी जिथे येतात त्या एपीआय गेटवेवर तपासलं आहे म्हणून आत सोडून देऊ नका. प्रत्येक एंडपॉइंटसाठी एक टेस्ट लिहा: दुसऱ्याच्या टोकननं मागितलं की ४०३ किंवा ४०४ आलंच पाहिजे.

अडत्याकडचा मुलगा पट्टी तयार करू शकेल पण पक्की करू शकणार नाही; पक्की करणारा आणि पैसे सोडणारा वेगळा. ही वाटणी दुकानात आधीपासून असते, ती विचारून घ्या.

लॉगिन स्वतः लिहू नका. कीक्लोकसारखं मुक्त उत्पादन बसवा, ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीनं जोडा. जेडब्ल्यूटी टोकन (लॉगिननंतर मिळणारं, सही केलेलं ओळखपत्र) वापरताना नुसती सही तपासून भागत नाही. मुदत, कुणी दिलं आणि कुणासाठी दिलं हेही तपासा, आणि सहीची पद्धत टोकनमध्ये लिहिली आहे ती न मानता आपण ठरवलेलीच माना. टोकन थोड्या मिनिटांचं ठेवा, कारण एकदा दिलेलं टोकन परत घेणं अवघड असतं. पासवर्ड साठवायची वेळ आलीच तर आर्गॉन२आयडी ही हॅशिंगची (मूळ पासवर्ड न ठेवता त्याचा ठसा साठवायची) पद्धत वापरा. आर्गॉन२ ही पद्धत २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत पहिली आली होती.

शेतकऱ्यांसाठी ओटीपी सोयीचा. पण सहा आकडी ओटीपीच्या शक्यता फक्त १० लाख. प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर प्रोग्रामला ते अवघड नाही. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ओटीपी रद्द करा, आणि एका नंबरवर तासाला किती पाठवायचे यालाही बांध घाला. नाहीतर तुमच्या एसएमएसच्या बिलावर कुणीतरी गंमत करील.

‘आतलं नेटवर्क आहे’ म्हणून सेवांनी एकमेकींवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक सेवेला स्वतःची ओळख द्या. म्युच्युअल टीएलएस (दोन्ही बाजूंनी ओळख तपासणारं कूटबद्ध कनेक्शन) जमलं तर उत्तम, निदान प्रत्येकीचं वेगळं टोकन. टीएलएस १.२ किंवा १.३ च चालू ठेवा, १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. गुपितं गिटमध्ये टाकू नका. टाकली गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये काढून उपयोग नाही, इतिहासात ती राहतातच. ते गुपितच बदला. एसक्यूएल नेहमी पॅरामीटर देऊन.

आणि परक्यांचा कोड. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष उघड झाला, तीव्रता १० पैकी १०. आपल्याकडे ती लायब्ररी आहे की नाही, हेच शोधण्यात जगभरच्या टीमचे दिवस गेले. म्हणून अवलंबून असलेल्या लायब्रऱ्यांची यादी प्रत्येक बिल्डला आपोआप निघाली पाहिजे आणि तपासली गेली पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, खातं साठवलं की २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाच. सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा ₹२५० कोटी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. त्याच लॉगमध्ये खाते क्रमांक पूर्ण छापू नका, शेवटचे चार आकडे पुरेत. आणि आधार क्रमांक गरज नसताना मागूच नका. जो डेटा नाही तो फुटत नाही.

काय चाललंय ते दिसायला हवं

पाच सेवा प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालू असतील आणि एका कामाला पाचही लागत असतील, तर ते काम सुमारे ९५ टक्के वेळाच पार पडेल. एकूण ९९.९ टक्के हवं असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात जेमतेम ४३ मिनिटांची सूट मिळते. हे आकडे अडत्यासमोर ठेवा आणि विचारा, सौदे चालू असताना किती मिनिटं बंद चालेल? संध्याकाळी किती? उत्तरं वेगळी येतील, आणि पैसा कुठे खर्च करायचा ते त्यातून कळेल.

प्रत्येक विनंतीला दारातच एक ट्रेस क्रमांक द्या आणि तो पाचही सेवांच्या लॉगमधून फिरवा. ओपनटेलिमेट्री हे मुक्त साधन हे काम करतं. ‘माझी पट्टी आली नाही’ असा फोन आला की एका क्रमांकावरून सगळा प्रवास दिसला पाहिजे. आकडे चारच पाहा: विनंत्या किती, चुका किती, वेळ किती लागतो, यंत्र किती भरलंय. वेळेची सरासरी फसवी असते, शंभरातल्या सगळ्यात हळू पाच विनंत्यांना किती लागतो ते बघा.

हेल्थ चेक लिहिताना एक भेद पाळा. ‘प्रोसेस जिवंत आहे का’ या तपासणीत डेटाबेसला हात लावू नका. लावलात आणि डेटाबेस क्षणभर अडखळला, तर सगळ्या सेवा एकदम रीस्टार्ट होतील. डेटाबेसची विचारपूस ‘काम घ्यायला तयार आहे का’ या वेगळ्या तपासणीत.

मुद्दाम मोडा

आता टॉक्सीप्रॉक्सी घ्या किंवा लिनक्समधलं नेटएम (दोन्ही नेटवर्क मुद्दाम बिघडवायची साधनं), आणि पट्टी व पैसे यांच्या मधे दोन सेकंदांचा उशीर घाला. मग दर वीस पॅकेटमागे एक हरवा. पैसे सेवेनं काम करून उत्तर द्यायच्या आत तिला ठार करा. ही सगळ्यात मोलाची चाचणी, दुप्पट भरणा होतोय का ते इथे कळतं. डिस्क भरवा. एका कंटेनरचं घड्याळ दहा मिनिटं मागे करा आणि टोकनची काय गत होते ते पाहा. प्रत्येक वेळी आधी कागदावर लिहा की काय होईल असं वाटतं. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक हाच तुमचा अभ्यासक्रम.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खोदलेली, प्रत्येक पेव वेगळं, एकातला माल बिघडला तरी दुसऱ्याला काही होत नसे. पण २००५ च्या महापुरात पाणी शिरलं ते बऱ्याच पेवांत एकदमच, कारण ती सगळी एकाच जमिनीत होती. तुमच्या पाच सेवा पाच कंटेनरमध्ये आहेत, पण एकाच सर्व्हरवर, एकाच डेटाबेसवर, एकाच वीजजोडणीवर असतील, तर त्या पाच नाहीत. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीत तळमजल्यावर ठेवलेला सर्व्हर ही कल्पनाच बाद करा.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक शहराबाहेर. आणि दर महिन्याला बॅकअपमधून एका कोऱ्या मशीनवर सगळं उभं करून शेवटची पट्टी उघडून बघा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका.

सोडताना

टेस्ट आपोआप चालल्याशिवाय काही बाहेर जाऊ नये, एवढं तर हवंच. डेटाबेसचा कॉलम बदलताना आधी नवा जोडा, दोन्हींत लिहा, वाचणारे नव्यावर न्या आणि मगच जुना काढा. नवी आवृत्ती आधी एका दुकानाला द्या, मग सगळ्यांना. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेला होता.

कुबरनेटीस, सर्व्हिस मेश, इव्हेंट सोर्सिंग हे सगळं पुढच्या वर्षी. आधी दोन सेवा नीट बोलायला शिकवा. मुलाखतीत या शब्दांना वजन आहे, हे खरं. पण ‘उत्तर आलं नाही तर तुमचा कोड काय करतो?’ या प्रश्नावर दहा मिनिटं नीट बोलता येणारा उमेदवार क्वचित सापडतो.

मग एका अडत दुकानात हे चालवून बघा, पण कागदी पट्टी बंद न करता. पूर्ण हंगाम दोन्ही शेजारी चालू द्या आणि रोज संध्याकाळी बेरजा ताडा. फरक आला तर आधी गोल करण्याची जागा बघा, मग एकच निरोप दोनदा पोचलाय का ते, आणि मग मध्यरात्रीनंतरच्या नोंदी. तिन्हींत सापडलं नाही, तर दिवाणजींना विचारा. बऱ्याचदा एखादी कपात त्यांच्या डोक्यात असते आणि तुमच्या करारात आलेलीच नसते.